सात कोऱ्या काठ्या आणि एक मूठ

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत मासे धरण्याच्या काठीविषयी सर्वांत जास्त जाणणारा आणि जन्मात एकही मासा न धरलेला असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. हे विधान मी जपून करतो आहे. भाऊजींच्या हयातीत केलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, “सर्वांत जास्त म्हणजे किती? कुणाशी तोललंस?” कारण भाऊजी नापतौल खात्यात, म्हणजे दुकानदारांची वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात, निरीक्षक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते नया बाजारातून चालत निघाले की दुकानदार न सांगता काटा पुसायला घेत. एकदा हलवायाने ओळखीखातर पाव किलो तिळाच्या गजकेवर दोन वड्या जास्त टाकल्या. भाऊजींनी त्या काढून त्याच्या तळहातावर परत ठेवल्या आणि म्हणाले, “ज़्यादा तौलना भी ग़लत तौलना है, लालाजी.” लालाजी त्या दोन वड्या हातात घेऊन बराच वेळ उभे होते, रागवावं की हात जोडावेत, हे त्यांना ठरवता येईना. भाऊजींच्या सहवासात बहुतेकांची अशीच अवस्था होई. माझी तर पन्नास वर्षं होती.

ज्यांना गळाच्या काठीची माहिती नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या माझ्यासारख्यांसाठी, थोडं सांगितलं पाहिजे. दुकानात मिळते ती तयार काठी. तिला धरायला बुचाची मूठ असते, दोरीचं रीळ बसवायला खोबण असते, आणि दोरी टोकापर्यंत नीट जावी म्हणून अंगावर कड्या बांधलेल्या असतात. हे सगळं बांधण्याआधीचा जो नुसता निमुळता, पोकळ दांडा, त्याला त्या धंद्यातले लोक ब्लँक म्हणतात. भाऊजी त्याला ‘कोरी’ म्हणत. काठीचा सगळा स्वभाव त्या कोरीत असतो. वाईट कोरीवर सोन्याच्या कड्या बांधल्या तरी ती वाईटच. भाऊजींनी ठरवलं होतं की आयुष्यात एकच काठी स्वतःच्या हातांनी बांधायची आणि ती उत्तम कोरीवर. उत्तम म्हणजे नुसती गुणाने नव्हे, दिलेल्या पैशाच्या मानानेही. त्यासाठी त्यांनी एक मूठ, एक खोबण, सात कड्या आणि त्या बांधायला रेशमी दोऱ्याचं एक रीळ आणून ठेवलं. एकच संच. मी विचारलं, दोन का नाही आणले? म्हणाले, “दोन असले की माणूस फैसला करत नाही.” एकच असूनही आठ वर्षं त्यांचा फैसला झाला नाही. गेल्या पौषात ते गेले तेव्हा मूठ कागदात गुंडाळलेलीच होती. ती कुठल्या कोरीवर बसायची हे त्यांनी शेवटी ठरवलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. आणि ताईने मला सांगितलं होतं की ही काठी आता तू पुरी करायची.

मासा हा ह्यात विषयच नव्हता. भाऊजींच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर राही. नोकरीत असताना एकदा दौऱ्यावर कुठल्याशा नदीकाठी त्यांनी एका म्हाताऱ्याला काठी फेकताना पाहिलं. काठी मागे गेली, वाकली, पुढे आली आणि सरळ झाली. एवढंच. त्या म्हाताऱ्याला मासा लागला की नाही, हे पाहायला भाऊजी थांबलेही नाहीत. “मी जन्मभर अशा चीजा तपासल्या ज्यांनी हलायचं नाही,” असं ते मला पुढे म्हणाले होते. “किलो म्हणजे किलो. मीटर म्हणजे मीटर. तसूभर हलला की जप्त. ही वाकते, आणि परत येते. हे कसं करते, ते मला समजून घ्यायचंय.” महिन्यातून एका रविवारी आम्ही तिघं तिघऱ्याच्या धरणावर जात असू. ताई कढी-कचोरीचा डबा आणि थर्मास घेऊन दगडावर बसे, आणि भाऊजी एका जुन्या तयार काठीने पाण्यात शिसाचा गोळा फेकत. दोरीला गळाचा काटा नसे. काटा नाही तर आमिष नाही, आणि आमिष नाही तर पाप नाही, असा तो हिशेब होता. तिथला चौकीदार पहिल्या दिवशी लांबून पाहत राहिला, मग जवळ आला. “बाऊजी, काँटा तो है नहीं. मछली पकड़ोगे कैसे?” “पकड़ना किसको है?” भाऊजी म्हणाले. चौकीदाराने ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाण्याकडे. पुढे तो आला की नुसता सलाम करी आणि एक कचोरी खाऊन जाई.

कोऱ्या आठ होत्या. कुठली कोलकात्याहून, कुठली कोचीहून, कुठली आणखी कुठून, अशा त्या कुरियरने येत. इथे भाऊजींच्या खात्याची शिस्त आड आली. किंमत आधी कळली की तपासणाऱ्याचा हात फिरतो, महागाची चीज हलकी लागायला लागते, असं त्यांचं मत होतं. कंपनीचं नाव कळलं तर विचारायलाच नको. म्हणून कुरियरवाला आला की भाऊजी गच्चीवर निघून जात. खाली ताईने पार्सल घ्यायचं, पैसे द्यायचे, कोरीवरचं नाव कापसाने आणि स्पिरिटने पुसून काढायचं, बुडाला एक रंगीत दोरा बांधायचा, कागदाच्या चिठ्ठीवर त्या रंगासमोर किंमत लिहायची आणि चिठ्ठी लपवायची. ह्या आठ वर्षांत कोऱ्यांचे गुण आम्हां दोघांना माहीत होते आणि भाव एकट्या ताईला. तिला कोऱ्यांत काडीचाही रस नव्हता. “गळ्यातलं मंगळसूत्र लपवलं नाही कधी,” ती मला म्हणे, “पण ह्या काड्यांच्या चिठ्ठ्या डाळीच्या डब्यात लपवते आहे. कुणाला सांगू?”

मग चाचण्या. पहिली चाचणी कण्याची. कोरी ही कोळशाच्या तंतूंचं कापड गुंडाळून करतात म्हणे, आणि जिथे कापडाची कड येते तिथे एक बाजू थोडी ताठ राहते. ती बाहेरून दिसत नाही. कोरीचं बूड जमिनीवर टेकवायचं, टोक एका हाताच्या तळव्यावर तोलायचं आणि दुसऱ्या हाताने मधोमध दाबायचं. ती आपोआप वळून एका बाजूला स्थिर होते. ती तिच्या कण्याची जागा. तिथे खडूची खूण. भाऊजी हे इतक्या हळुवारपणे करत की पाहणाऱ्याला वाटावं, लहान मुलाची कूस बदलताहेत. दुसरी चाचणी बळाची. कोरीचं बूड खिडकीच्या गजांत आडवं अडकवायचं, टोकाला कापडी पिशवी बांधायची आणि टोक कोरीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत वजन टाकत जायचं. ह्या वजनासाठी त्यांनी निवडल्या त्या पूजेच्या सुपाऱ्या. दुकानातल्या सुपाऱ्या ओल धरतात, पूजेच्या सुकलेल्या आणि सारख्या असतात, असं त्यांचं म्हणणं. पूजेतल्या सुपाऱ्या एरवी गुरुजी घेऊन जातात. भाऊजी दक्षिणा वाढवून त्या परत मागत, आणि पुरेशा जमेनात म्हणून ज्या घरात लग्नानंतर सत्यनारायण झाला नव्हता तिथे एका वर्षात चार झाले. आमच्या माधवगंजात चर्चा सुरू झाली की साहेबांना म्हातारपणी देव सापडला. गुरुजी तर गहिवरले होते. प्रत्येक सुपारी पितळी तराजूत पारखून घेतली जाई, कमी-जास्त भरलेली परत देवघरात. ताई हे सगळं सोसत होती, पण एक दिवस ती हातातलं लाटणं घेऊनच खिडकीशी आली.

“अहो, त्या सुपाऱ्यांवर गणपती म्हणून अक्षता वाहिल्यात. एकवीस गणपती लटकवलेत तुम्ही त्या काडीला.”

“बावीस,” भाऊजी म्हणाले.

“गणपतीला तोलताय तुम्ही?”

“तोलत नाही गं. मदत मागतोय.”

 आणि त्यांनी तेविसावा गणपती पिशवीत सोडला.

माझं काम नोंदवहीचं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, अक्षर बरं आहे, आणि जे समजत नाही ते जसंच्या तसं उतरवून घेण्याची मला सवय आहे. भाऊजी मला नावाने कधी हाक मारत नसत. “अरे लायब्ररी, बैठ. लिही.” मी लिही. बळ म्हणजे कोरी किती वजनाने वाकते, आणि चाल म्हणजे ती कुठून वाकते, टोकातून की मध्यातून. हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा समजावलं. दर वेळी मला ते कळे आणि चहा येईपर्यंत परत विस्कटे. एक कोरी कमी वजनात वाकते म्हणजे ती दुबळी की समजूतदार, हे मला आजही सांगता येणार नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस भाऊजी नोंदवही वाचत बसले आणि त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. लाल दोऱ्याची कोरी मार्चमध्ये सोळा सुपाऱ्यांची होती, एप्रिलमध्ये अठ्ठावीस, मेमध्ये पुन्हा सोळा. त्यांनी दोन कोऱ्या माझ्यासमोर धरल्या. “ह्यातली लाल कुठली?” मी एक दाखवली. त्यांनी ताईला हाक मारली. ताई म्हणाली, “अगोबाई, तो हिरवा आहे.” मला लाल आणि हिरवा नीट ओळखता येत नाही, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी त्या खिडकीत कळलं. वाचनालयात मी पुस्तकं क्रमांकावरून शोधी. रंगाचा प्रश्न कधी आला नव्हता. वर्षभराच्या सगळ्या नोंदी बाद झाल्या. मला वाटलं आता खात्याची भाषा ऐकावी लागणार. भाऊजींनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, “काटा बरोबर असेल आणि वाचणाऱ्याला दिसत नसेल, तर आकडे मोठे करायचे. काटा नाही बदलायचा.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रंग सोडून कोऱ्यांना नावं दिली.

नावं दिली ती नातेवाइकांची, स्वभाव पाहून. ‘दादा’ म्हणजे त्यांचे थोरले बंधू: अतिशय ताठ, एकतीस सुपाऱ्या घालूनही ढिम्म, कुणाच्या उपयोगाची नाही पण सगळे मान देतात. ‘जावईबापू’ दिसायला चकचकीत, वजनाला हलकी, आणि थोडा भार पडला की वाट फुटेल तिकडे वळणारी. ‘गुरुजी’ बुडाशी फार जाड. एक ‘हेडमास्तर’, एक ‘वहिनी’. ‘हिची’ म्हणजे ताईच्या नावाची: उशिरा वाकते, पण वाकली की पूर्ण वाकते आणि सोडताच जागच्या जागी. गोपनीयता म्हणून ही नावं फक्त नोंदवहीत राहायची होती. ती आठवड्यात फुटली, कारण ताईने ती हळदीकुंकवात सांगितली. मग जो येईल तो चहाआधी व्हरांड्यात कोऱ्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या लांब नळकांड्याकडे जाई आणि विचारी, “आमची कुठली?” भाऊजींच्या आत्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांना त्यांची दाखवली. नोंद अशी होती: बाहेरून भक्कम, आतून कच्ची. भाऊजींनी ती जशीच्या तशी वाचून दाखवली, कारण नोंद बदलणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

“मी कच्ची?” आत्या म्हणाल्या. “आण इकडे.”

त्यांनी कोरीचं टोक धरलं आणि ती गुडघ्यावर घेऊन वाकवली. कट् असा आवाज झाला. 

“हिला मी म्हणत होतास?” दोन तुकडे भाऊजींच्या हातात देत आत्या म्हणाल्या. “मी इतक्यात मोडले असते तर तुझ्या बापाच्या घरात आठ दिवस टिकले नसते.” भाऊजींनी मला नोंद करायला सांगितली: ‘आत्या (काठी) मोडली. आत्या (स्वतः) पास.’

अशा उरल्या सात. त्यांतल्या सहांना नावं होती, सातवीला नव्हतं. मी विचारलं की भाऊजी म्हणत, “तिचं बघू. तू तिला बिननावाची लिही.” बिननावाचीत मला तरी काही विशेष दिसत नसे. टोकाशी बिचकते, मध्यातून वाकते, वजनाला किंचित जास्त. शेऱ्याची एक जागा भाऊजींनी माझ्यासाठी राखली होती, तिथे मी तिच्यासमोर एकदा लिहिलं: ‘निश्चय कमी. नापास?’ भाऊजींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. “कड़क परीक्षक आहेस तू,” एवढंच म्हणाले. मला ते कौतुक वाटलं. मी प्रश्नचिन्ह खोडून टाकलं.

मागच्या दिवाळीनंतर त्यांची तब्येत बिघडली. इस्पितळातही त्यांनी सलाइनच्या लोखंडी काठीला बोटाने टिचकी मारून पाहिली आणि मला खुणेने जवळ बोलावून सांगितलं, “कणाच नाही हिला.” डॉक्टर येऊन गेल्यावर, ताई औषधं आणायला खाली गेली तेव्हा, त्यांनी उशीखालून एक लिफाफा काढला. खात्यात करत तसा लाखेने बंद केलेला. लाख त्यांनी इस्पितळात कुठून पैदा केली, हेही मला कळलेलं नाही. “ह्यात ताईच्या चिठ्ठ्या आहेत आणि माझा फैसला. तू खोलायचा नाही. आधी तुझा फैसला लिही, सही कर, मग खोल. दोन निरीक्षक, दोन वाचनं, एकाने दुसऱ्याचं पाहायचं नाही. पाहिलं की दुसरा निरीक्षक राहत नाही, कारकून होतो.” मी म्हटलं, भाऊजी, मी कारकूनच आहे, मला त्यातलं काही समजत नाही. “आठ वर्षं तूच लिहितोयस,” ते म्हणाले. “हातांना समजलं असेल. त्यांना विचार.” नंतर म्हणाले, “वाचनं जुळली तर काठी बांध. नाही जुळली तर तिसरा निरीक्षक बोलवायचा. क़ायदा आहे.” दहा दिवसांनी ते गेले.

तो लिफाफा मी माझ्या खोलीत शब्दकोशाखाली ठेवला आणि दोन महिने उघडला नाही. उघडायचा तर आधी लिहायला हवं होतं, आणि मला लिहिता येत नव्हतं. एकेक कोरी हातात घेऊन मी हातांना विचारत असे. हात म्हणत, आम्हाला काय पता. खरं सांगायचं तर मी काठी निवडतच नव्हतो. भाऊजींनी काय लिहिलं असेल, ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. माझ्या मनात असं बसलं होतं की वाचनं जुळली तर ह्या पन्नास वर्षांत मी त्यांना थोडंफार ओळखलं असं ठरेल, आणि नाही जुळली तर नाही. सतरा वर्षांचा असताना मी सागरहून शिकायला ताईच्या घरी आलो. वर्षभरासाठी. अकरा वर्षं राहिलो, आणि मग त्याच गल्लीत समोर खोली घेतली. ह्या सगळ्या काळात भाऊजींनी माझ्याबद्दल चांगलं किंवा वाईट एक वाक्य कधी बोललेलं मला आठवत नाही. ते मला बैठ म्हणत आणि लिही म्हणत.

फाल्गुनात ताईची मुलगी, माझी भाची, इंदूरहून आली. चैत्रात ताईने तिच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं, घर रिकामं करायचं होतं. भाचीने दोन दिवसांत खोके भरले आणि तिसऱ्या दिवशी ती नळकांड्यापाशी आली.

“मामा, ये सब... म्हणजे, ह्याचं काय करायचं? इंदूरच्या फ्लॅटमध्ये लिफ्टमध्येच नाही जाणार. किसी को दे देते हैं न?”

“कुणाला देणार?” मी म्हटलं.

“कोई भी. जो मछली पकड़ता हो.”

“त्याचा ह्याच्याशी काय संबंध?” आतून ताई म्हणाली. भाची माझ्याकडे बघत राहिली. तिची काही चूक नव्हती. ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, “हे बघ. मी जायच्या आधी ती काठी झाली पाहिजे. मला एकदा तिघऱ्याला न्यायचं, आणि ती पाण्यावर एकदा फेकायची. मग काय वाटायच्या त्या वाट. आज लिही.”

ताईने असं सांगितल्यावर न लिहिण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही. मी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: ‘हिची.’ कारणं तीन लिहिली: सर्व चाचण्यांत सरासरीने पहिली, कणा सरळ, दोष नाही. चौथं कारण लिहिलं नाही. ते असं की नवरा शेवटी दुसरं काय लिहिणार, असं मला वाटलं. सही केली. मग समईजवळ बसून ताईने केसांतल्या आकड्याने लाख फोडली. आतून चिठ्ठ्या निघाल्या, डाळीचा वास असलेल्या. त्यांच्यामागे भाऊजींच्या बारीक, सरळ अक्षरातला एक कागद. ताईचा चष्मा खोक्यात गेला होता. मी वाचलं.

‘निवड: बिननावाची. तिचं नाव लायब्ररी. नोंदवहीत लिहिलं नाही, कारण नोंदवही तोच लिहितो. किंमत: काही नाही. ‘हिची’च्या पार्सलात, तिच्याबरोबर फुकट आली. टोकाशी बिचकते आणि मध्यातून वाकते, हे खरं. परीक्षकाने तिला नापास केलं आहे, तेही माझ्या समक्ष. पण वाकून परत आल्यावर थरथरत नाही. बाकी सगळ्या थोड्या तरी थरथरतात. आठ वर्षं हेच पुन्हा पुन्हा पाहत होतो. ही फुकट आली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून हे वाचन नियमाबाहेरचं आहे. तरी हीच.’

खाली सही, आणि सहीखाली सवयीने पदनाम.

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा ताईच्या खांद्यांची हालचाल दिसली. मला वाटलं रडते आहे. ती पदर तोंडाला लावून हसत होती. पौषापासून पहिल्यांदा. “खरंच आली होती रे फुकट,” ती म्हणाली. “कोलकात्याच्या माणसाने पार्सलला उशीर झाला म्हणून एक जास्तीची टाकली. मी ह्यांना वर जाऊन सांगितलं, दुसरीची किंमत काय लिहू, ती तर पहिलीबरोबर तशीच आली. केवढे चिडले माझ्यावर. म्हणाले, सांगितलंस कशाला, आता मला तिला तपासता येणार नाही.” हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती दोन्ही करत राहिली. भाची तिच्या पाठीवर हात फिरवत मला विचारत होती, “मामा, क्या हुआ? काय लिहिलंय?” मी कागद तिच्या हातात दिला.

वाचनं मात्र जुळली नव्हती. मी ताईला कायदा सांगितला: तिसरा निरीक्षक. तिने दोन्ही कोऱ्या मागितल्या. सुपाऱ्या नाहीत, खिडकी नाही. एका हातात ‘हिची’ घेतली, एका हातात ती दुसरी, आणि भाजीवालीकडचे भोपळे पारखावे तशी दोन्ही वरखाली केली.

“तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर आठ वर्षं लागली नसती,” ती म्हणाली.

“विचारायचं नसतं. तोच तर कायदा.”

“असेल.” तिने ‘हिची’ नळकांड्यात परत सोडली. “मी ह्या घरात पुष्कळ उभी राहिले. माझी राहू दे. तुझी बांध.”

बांधायला मला नऊ दिवस लागले. मूठ बसवताना कण्याची खूण माझ्या हाताने दोनदा पुसली गेली आणि तिसऱ्यांदा भाचीने तिच्या टिकल्यांमधली एक टिकली तिथे चिकटवून दिली. कड्या एका ओळीत आल्या नाहीत. चौथी जरा बाहेर पाहते. रेशमी दोरा कुठल्या रंगाचा आहे ते मी सांगू शकत नाही. ताई म्हणते हिरवा. भाची म्हणते हिरवा नाही, मोरपंखी. मी काम थांबवलं नाही.

चैत्रातल्या पहिल्या रविवारी आम्ही तिघऱ्याला गेलो. चौकीदार आला, सलाम केला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाऊजी नहीं आए?” ताईने त्याला कचोरी दिली. त्याने ती हातात धरली, खाल्ली नाही, आणि जरा लांब जाऊन उभा राहिला. मी शिसाचा गोळा बांधला. भाऊजी मागे नेऊन क्षणभर थांबत, मग सोडत. मी तसं करायला गेलो, पण थांबायचं किती हे मला कधीच कळलं नव्हतं. गोळा समोर जाण्याऐवजी डावीकडे गेला आणि जवळच पाण्यात पडला. भाऊजींनी नोंद घेण्यासारखं काही नव्हतं. दोरी ओढून आणता आणता मी काठीच्या टोकाकडे पाहत होतो. माझे हात कोपरापर्यंत थरथरत होते. काठी सरळ होती.

“कसं गेलं?” दगडावरून ताईने विचारलं. तिला उन्हात नीट दिसत नव्हतं.

मी म्हटलं, “अजून एकदा पाहतो.”